स्टिअरिंग आपल्या हाती, पण कागद कोणाच्या नावावर? नंदुरबारच्या तरुणांसाठी व्यावसायिक वाहन परवाना आणि नोंदणी कायद्याची ओळख

ऑक्टोबर १९२९ ची गोष्ट आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीच्या कामासाठी बाबासाहेब खानदेशात आले होते. परतीच्या वाटेवर चाळीसगावला समाजबांधवांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून वस्तीत न्यायला टांगा हवा होता, पण महाराला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यातला एक माणूस पुढे बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. वाटेत पुलावर घोडा बिथरला, बाबासाहेब बाहेर फेकले गेले, पायाचे हाड मोडले आणि कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी स्वतः हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

या प्रसंगाकडे आपण नेहमी अस्पृश्यतेचा दाखला म्हणून पाहतो आणि तो आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. जातीने एका समाजाला हाकणाऱ्याच्या जागेवर बसू दिले नव्हते, त्यामुळे वेळ आली तेव्हा त्या जागेवर बसणाऱ्याकडे प्रेम होते, धाडस होते, शिक्षण मात्र नव्हते. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशातच होता. आज त्याच मुलखात आपली आणि आदिवासी समाजाची असंख्य मुले ॲपे, काळी-पिवळी जीप, पिकअप, छोटा हत्ती, ट्रॅक्टर आणि ट्रक चालवून घर चालवतात. बसायला जागा मिळाली. पण परवाना योग्य आहे का, गाडी कोणत्या प्रकारात नोंदली आहे, नाव कोणाचे आहे आणि अपघात झाला तर भरपाई कोण देणार, हे विचारले की बहुतेकांची उत्तरे अडखळतात. म्हणून हा लेख.

कायदा दिल्लीचा, नियम मुंबईचे

मोटार वाहन हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत येतो. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. मुख्य कायदा केंद्राचा आहे, मोटार वाहन अधिनियम १९८८. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि २०१९ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्याखाली केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ आहेत.

याच कायद्याने राज्य सरकारलाही नियम करायचा अधिकार दिला आहे. त्यातून महाराष्ट्र मोटार वाहन नियम १९८९ आले. प्रवासी वाहनाचा बॅज, परमिट, भाडे, प्रवासी संख्या या बाबी बऱ्याच अंशी तिथे ठरतात. वाहनावरचा कर हा तर राज्याचा विषय. त्यासाठी महाराष्ट्र मोटार वाहन कर अधिनियम १९५८ आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ७५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना ७ टक्के एकरकमी कराचा प्रस्ताव राज्य सरकारने मांडला, तो याच अधिकारात. शोरूममधला माणूस ‘ऑन रोड’ किंमत सांगतो तेव्हा त्यातला कर किती, विमा किती आणि नोंदणी शुल्क किती, हे वेगवेगळे लिहून मागा.

परवाना आणि दंड केंद्राच्या कायद्यातून येतात, बॅज आणि परमिट राज्याच्या नियमांतून, कर राज्याच्या कायद्यातून. हे लक्षात ठेवले की कोणत्या प्रश्नासाठी कोणाकडे निवेदन द्यायचे, हे कार्यकर्त्यांना आपोआप कळते. उगाच सगळे जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात नेण्यात अर्थ नसतो.

परवाना: वय किती, शिक्षण किती

साधा चारचाकी परवाना वयाच्या १८ व्या वर्षी मिळतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. परिवहन वाहन, म्हणजे ट्रक किंवा बस यांसारखी धंद्याची मोठी गाडी चालवायची असेल तर वय किमान २० हवे आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा. नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायिकाचे प्रमाणपत्र लागते आणि परवानाधारक ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्रही लागते.

शिक्षणाची अट हा आपल्या जिल्ह्यासाठी महत्त्वाचा मुद्दा आहे. पूर्वी परिवहन वाहनासाठी आठवी पास असणे बंधनकारक होते. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४.३८ टक्के, राज्यात सर्वात कमी होती. अशा ठिकाणी ही अट किती मुलांना बाहेर ठेवत असेल याचा अंदाज करा. हरियाणा सरकारने मेवात भागातल्या गरीब चालकांचा प्रश्न केंद्राकडे मांडला, त्यानंतर २०१९ मध्ये ही अट देशभरातून काढून टाकण्यात आली. तेव्हा देशात सुमारे २२ लाख चालकांची कमतरता असल्याचे केंद्रीय मंत्रालयाने सांगितले होते. त्यामुळे ‘आठवी पास नाहीस, तुला हेवी मिळणार नाही’ असे कोणी आजही सांगत असेल तर ते खोटे आहे. आणि आठवीचा बनावट दाखला काढून देतो म्हणणारा तर तुम्हाला सरळ गुन्ह्यात ढकलतो आहे.

याचा अर्थ शाळा सोडा असा कोणी काढू नये. रस्त्यावरच्या खुणा वाचणे, विम्याची पॉलिसी समजणे, कर्जाच्या करारावर सही करण्याआधी तो वाचणे, हे सगळे अक्षरांचेच काम आहे. अट गेली असली तरी गरज तशीच राहिली आहे.

शुल्काबाबतही स्पष्ट असावे. केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ परवान्याचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी १५० रुपये, शिकाऊ चाचणीचे ५० रुपये, वाहन चालवण्याच्या चाचणीचे ३०० रुपये आणि परवाना देण्याचे २०० रुपये आहे. नवा वर्ग जोडायला ५०० रुपये. कार्ड आणि सेवेचे किरकोळ शुल्क त्यावर येते. अर्ज ‘सारथी’ संकेतस्थळावर ऑनलाइन होतो, आधारच्या आधारे शिकाऊ चाचणी घरबसल्या देता येते. एजंटाला हजारो रुपये देणाऱ्याने आधी ही बेरीज करून पाहावी.

परिवहन परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीआधी तो तीन वर्षांचा होता. त्याच दुरुस्तीत मुदत संपल्यानंतर मिळणारी ३० दिवसांची सवलतही गेली. म्हणजे मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनापरवाना आहात. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येते. मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड कायद्यात ५००० रुपये आहे.

साध्या परवान्यावर पिकअप चालते का?

हा प्रश्न आम्हाला सर्वात जास्त विचारला जातो. उत्तर आता सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट दिले आहे.

कायद्यात हलके मोटार वाहन म्हणजे एलएमव्ही याची मर्यादा ७५०० किलो आहे. पिकअप, छोटा हत्ती, जीप या गाड्या मालासकट एकूण वजनात तिच्या खूप खाली असतात. तरीही वर्षानुवर्षे विमा कंपन्या म्हणत, चालकाच्या परवान्यावर ‘ट्रान्सपोर्ट’ असा शेरा नाही, म्हणून आम्ही भरपाई देणार नाही. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद नाकारला. मग तो निकाल मोठ्या पीठाकडे गेला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बजाज अलियान्झ विरुद्ध रंभादेवी या प्रकरणात एकमताने निकाल दिला: एलएमव्ही परवाना असलेला चालक ७५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो. परिवहन वाहनासाठीच्या जादा अटी त्याहून जड, म्हणजे मध्यम आणि अवजड वाहनांच्या चालकांना लागू होतील.

या निकालाने हजारो गरीब चालकांचा रोजगार आणि अपघातग्रस्तांची भरपाई वाचली. पण त्याच्या मर्यादाही समजून घ्या. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांच्या अटी वेगळ्या आहेत. निकाल परवान्याबद्दल आहे. गाडीचे परमिट, फिटनेस, विमा यांतून त्याने कोणालाच सूट दिलेली नाही. आणि भाड्याने प्रवासी नेण्यासाठी राज्याच्या नियमांतला बॅज हा वेगळा विषय आहे. त्यासाठी पोलीस पडताळणीसह स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

प्रशिक्षण: प्रमाणपत्र मिळते, शिकवतो कोण?

परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र कायद्यानेच सक्तीचे केले आहे. त्याला फॉर्म ५ म्हणतात. केंद्रीय नियमांतील अभ्यासक्रमाप्रमाणे परिवहन वाहनाचे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १५ तासांचे असायला हवे. आपल्या गावातल्या हेवी परवानाधारकांना विचारा, तुमचे १५ तास कोणी मोजले? बरेच जण हसतील. आपली मुले गाडी शिकतात ती क्लीनर म्हणून, उस्तादाच्या शेजारी बसून, रात्री रिकाम्या रस्त्यावर. हात बसतो, यात शंका नाही. पण घाटात उतरताना इंजिनाचा ब्रेक कसा वापरायचा, जादा भाराने ब्रेक लागायला किती अंतर वाढते, टायरवरची तारीख कशी वाचायची, अपघातानंतर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचे, हे उस्तादालाही कोणी शिकवलेले नसते.

२०२१ मध्ये केंद्राने एक नवी व्यवस्था आणली. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रे उभी करता येतात. हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार आठवड्यांत २९ तासांचा, मध्यम आणि अवजड वाहनाचा सहा आठवड्यांत ३८ तासांचा. केंद्रात सिम्युलेटर आणि चाचणीचा ट्रॅक हवा. हलक्या वाहनांसाठी किमान एक एकर आणि अवजड वाहनांसाठी किमान दोन एकर जागा हवी. प्रशिक्षक बारावी पास आणि किमान पाच वर्षांचा अनुभवी हवा. अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही.

नियम चांगला आहे. प्रश्न असा की धडगाव किंवा मोलगीच्या मुलाने असे केंद्र गाठायचे कसे? सहा आठवडे घर सोडून राहायचे, रोजगार बुडवायचा, शुल्क भरायचे. दोन एकर जागा आणि सिम्युलेटर उभे करायला मोठे भांडवल लागते, म्हणून खाजगी माणूस असे केंद्र मोठ्या शहराजवळच काढतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये नंदुरबारचा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समावेश केला. महाराष्ट्रातले असे चारच जिल्हे आहेत: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव. मागास म्हणून यादीत नाव आहे, तर मग चालक प्रशिक्षणाचे शासकीय केंद्रही आधी इथेच यायला हवे, ही मागणी अवाजवी नाही.

मुलींचाही विचार व्हावा. यवतमाळमध्ये २०१९ साली आदिवासी मुलींना एसटीच्या चालक म्हणून तयार करण्याचा उपक्रम सुरू झाला होता. नंदुरबारच्या मुली त्यापेक्षा कमी नाहीत.

पांढरी पाटी, पिवळी पाटी

आपल्या जिल्ह्यात नोंदलेल्या गाडीवर एमएच-३९ असते. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खाजगी वाहन. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे परिवहन, धंद्याचे वाहन. बॅटरीवरच्या धंद्याच्या वाहनाला हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पाटीचा रंग बदलला की मागची सगळी कागदपत्रे बदलतात.

धंद्याच्या वाहनाला फिटनेस प्रमाणपत्र लागते. नव्या गाडीला पहिली दोन वर्षे, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी. परमिट लागते. मालवाहू गाडीचे एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर परमिटची गरज नाही, ही सूट कायद्यातच आहे. छोटा हत्ती घेणाऱ्या तरुणाला हे माहीत असायला हवे. बॅटरीवरच्या परिवहन वाहनांनाही २०१८ मध्ये केंद्राने परमिटमधून सूट दिली. इतर प्रवासी वाहनाला मात्र ती लहान असली तरी परमिट लागतेच. विनापरमिट गाडी चालवली तर कायद्यात १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

अनेक जण कर आणि परमिट वाचवण्यासाठी पांढऱ्या पाटीची गाडी घेतात आणि बाजाराच्या दिवशी भाडी मारतात. वर्षभर काही होत नाही. एक दिवस अपघात होतो आणि विमा कंपनी सांगते, पॉलिसी खाजगी वापराची होती. वाचवलेला कर आणि आलेली भरपाईची जबाबदारी यांचा मेळ मग आयुष्यभर बसत नाही. ट्रॅक्टरचेही तेच. शेतीच्या कामासाठी नोंदलेला आणि विमा काढलेला ट्रॅक्टर वाळू किंवा विटांच्या भाड्याला लावला की विम्याचे छत्र धोक्यात येते.

नवापूर, अक्कलकुवा, तळोदा या सीमेवरच्या तालुक्यांत जीजे पाटीच्या जुन्या गाड्या स्वस्तात मिळतात. दुसऱ्या राज्यातली गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांहून अधिक ठेवायची असेल तर इथे नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि इथला कर भरावा लागतो. ना-हरकत नसलेली गाडी स्वस्त असते, कारण तिच्यावर कर्ज, दंड किंवा गुन्हा बाकी असण्याची शक्यता असते. पैसे देण्याआधी ‘वाहन’ संकेतस्थळावर नंबर टाकून पाहा.

नाव आपले, गाडी दुसऱ्याची

आता सर्वात नाजूक विषय. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच्या योजनेतून गाडी काढायची, नाव आपल्या मुलाचे, पण पैसा, ताबा आणि कमाई दुसऱ्याची, असे व्यवहार गावोगावी होतात. मुलाला पाच-दहा हजार रुपये मिळतात आणि तो खूश होतो.

कायदा काय म्हणतो पाहा. नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव तो मालक. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गाडी विकली, ताबा दिला, पुढे तीन-चार हातांत फिरली, तरी नोंदीत नाव ज्याचे आहे त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी राहते. म्हणजे गाडी दुसरा पळवणार, माल दुसरा भरणार आणि न्यायाधिकरणाची नोटीस तुमच्या घरी येणार. कर्जाचे हप्ते थकले तर बँकेच्या नोंदीत तुमचे नाव खराब होणार आणि उद्या स्वतःच्या धंद्यासाठी कर्ज मागायला गेलात तर दार बंद.

गाडी खरोखर विकली असेल तर नाव बदलूनच मोकळे व्हा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन पुस्तकावरचा बोजा उतरवा. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर केलेला करार तुम्हाला वाचवणार नाही.

तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे. आपल्या नावावर दुसऱ्याचा धंदा चालू देणे हे त्या वाटेवरचे नाही, हे विहारात बसून स्पष्ट बोलायला हवे. योजना बाबासाहेबांच्या संघर्षातून आल्या आहेत. त्या भाड्याने द्यायच्या नाहीत.

घाट, गर्दी आणि विमा

ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात कोसळली आणि अनेकांचे प्राण गेले. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळजवळ खडकी घाटात मजुरांची गाडी दरीत गेली होती. सातपुड्यात एसटी कमी, माणसे जास्त, रस्ते अवघड. लोक हौसेने मालवाहू गाडीत बसत नाहीत.

पण चालकाने आणि मालकाने कायद्याची बाजू समजून घेतली पाहिजे. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस धरला जातो. मागे बसवलेले प्रवासी त्यात येत नाहीत. आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्येच हे स्पष्ट केले होते. म्हणजे यात्रा, लग्न किंवा सभेसाठी पिकअपमध्ये लोक नेले आणि दुर्घटना झाली तर मृतांच्या घरच्यांना विम्याचे पैसे मिळण्याचा रस्ता अरुंद होतो आणि गाडीमालकाचे घरदार जाऊ शकते. हे आपल्या चळवळीलाही लागू आहे. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, लळिंगच्या ३१ जुलैच्या मेळाव्याला माणसे कशात बसवून नेतो याचा विचार प्रत्येक कार्यकर्त्याने करावा. वर्गणी थोडी जास्त काढा, पण प्रवासी वाहनच ठरवा.

परवान्यात खोट असली तर न्यायालये पुष्कळदा कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगतात आणि मग ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. परमिटच नसणे हा त्याहून गंभीर भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या अमृतपाल सिंग प्रकरणात म्हटले आहे. दोन्हींत शेवटी पैसा मालकाच्याच खिशातून जातो.

अपघातग्रस्त कुटुंबाने एक तारीख विसरू नये. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मोटार अपघात दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. दुःखात हे महिने कधी जातात ते कळत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि महिलांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. टक्केवारीवर दावा चालवून देतो म्हणणाऱ्या दलालाच्या हाती कागद देऊ नका.

पगारी चालकांसाठी आणखी एक मुद्दा. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ ने चालकाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली होती. आता या तरतुदी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये सामावल्या आहेत. नंदुरबारहून मिरची भरून रात्रभर गाडी हाकणाऱ्या मुलाला झोपेचा हक्क आहे, हे त्याला माहीत असले तर निदान तो मालकाला विचारू तरी शकेल.

पैसा कुठून आणायचा

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी काम करते. त्याच्या अनुदान आणि बीजभांडवल योजना बँकेच्या कर्जाला जोडलेल्या असतात. कौशल्य प्रशिक्षणाच्या योजनाही तिथे आहेत. सामाजिक न्याय विभागाची मिनी ट्रॅक्टरची योजना बचत गटांसाठी आहे. तिच्या मूळ आखणीत साडेतीन लाखांपर्यंतच्या किमतीवर ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान आणि १० टक्के गटाचा हिस्सा होता. गटातले किमान ८० टक्के सदस्य अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असावे लागतात. आदिवासी बांधवांसाठी शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ आहे. रिक्षा-टॅक्सी चालकांसाठी राज्याने कल्याणकारी मंडळही केले आहे. चालू वर्षाचे उद्दिष्ट आणि रक्कम संबंधित कार्यालयातून लेखी घ्या, कारण ती दरवर्षी बदलू शकते.

आपण काय मागायचे

मोटार वाहन कायद्यातच एक तरतूद अशी आहे की शहरी मार्गांवरच्या टप्पा वाहतूक परमिटांची संख्या मर्यादित केली तर त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी सरकारी नोकरीतील थेट भरतीच्या प्रमाणात आरक्षण ठेवावे. पण ती किमान पाच लाख लोकसंख्येच्या शहरांपुरती आहे. नंदुरबारला तिचा उपयोग नाही. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने राज्य सरकारला ग्रामीण वाहतूक आणि शेवटच्या टप्प्यापर्यंतच्या जोडणीसाठी स्वतंत्र योजना करून परवाने देण्याचा अधिकार दिला आहे. आम्हाला वाटते, खरी संधी इथे आहे. अक्राणी, अक्कलकुवा आणि तळोद्याच्या डोंगराळ मार्गांसाठी अशी योजना राज्याने करावी. लहान, फिटनेस असलेली, विमा असलेली प्रवासी वाहने स्थानिक प्रशिक्षित तरुणांना द्यावीत आणि आरक्षणाचे तेच तत्त्व तिथे लावावे. जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातीचे आहेत, आपण संख्येने थोडे आहोत. ही मागणी दोघांनी मिळून केली तरच तिला वजन येईल.

तिच्या जोडीला तीन गोष्टी मागायच्या: जिल्ह्यात शासकीय चालक प्रशिक्षण केंद्र आणि तिथे निवासाची सोय, परवाना आणि फिटनेसच्या शिबिरांचे तालुकावार वेळापत्रक आगाऊ जाहीर करणे, आणि ड्रायव्हिंग स्कूलमधील प्रत्यक्ष प्रशिक्षण तासांची तपासणी.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर प्रत्येक विहारात वर्षावासातली एक संध्याकाळ कागदांसाठी ठेवता येईल. गावातल्या सगळ्या चालकांनी परवाना, नोंदणी पुस्तक, विमा, फिटनेस आणि परमिट घेऊन यायचे. वाचता येणाऱ्या दोन मुला-मुलींनी प्रत्येकाची मुदत आणि नाव एका वहीत उतरवायचे आणि मुदत संपण्याच्या महिनाभर आधी फोन करायचा. ज्याच्या पुस्तकात नाव एकाचे आणि ताबा दुसऱ्याचा निघेल, त्याच्याशी त्याच संध्याकाळी बोलायचे. खर्च एका वहीचा आहे. जय भीम.